घरच्या घरी लुअर बनवणं आणि रॉड-रीलची दुरुस्ती: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

घरी बनवलेलं लुअर (माशाला भुलवणारं खोटं आमिष) दिसायला देखणं असतं, पण पाण्यात ओढलं की एका कुशीवर पडतं, नाहीतर गरगरा फिरत वर येतं. असं झालं की बहुतेक जण रंगाला, वजनाला किंवा लाकडाला दोष देतात. खरं कारण बहुधा एकच असतं: लाकूड गोल करून, घासून गुळगुळीत केलं आणि मग त्यात लिपची (तोंडापुढे बाहेर येणाऱ्या पातळ पट्टीची) खाच पाडली. गोल वस्तूला सरळ बाजूच नसते. मग खाच काटकोनात पडणार कशी? लुअर सरळ पोहणार की वाकडं, हे ठोकळा चौकोनी असतानाच ठरतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. रॉड (मासेमारीची काठी) आणि रील (दोरी गुंडाळायचं चाक) यांच्या दुरुस्तीचा भाग शेवटी आहे. तिथेही बिघडतं ते क्रम चुकल्यामुळेच.

उदाहरणासाठी एकच लुअर धरू: पुढे लिप असलेलं, तरंगणारं आणि ओढलं की खाली जाणारं छोटं लाकडी मासोळीसारखं लुअर. लांबी ७० मिलिमीटर, उंची १८, जाडी १२. पहिल्यांदा करणाऱ्याने याहून लहान करू नये. लहान लुअरमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूकही लगेच जाणवते.

टप्पा १: सामान आणि कागदावरचं चित्र

लाकूड हलकं, वाळलेलं आणि सरळ रेषांचं हवं. बाल्सा सर्वांत हलकं असतं आणि सहज कापलं जातं, पण नखानेही दबतं. पाइन जड असतं, पण त्यात तार घट्ट बसते आणि कोपरे तुटत नाहीत. पहिल्या दोन-तीन लुअरसाठी मी पाइनच सुचवेन. रेषा लुअरच्या लांबीला समांतर असाव्यात. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवा.

बाकीचं सामान:

– ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची कडक स्टेनलेस तार
– लिपसाठी दीड मिलिमीटरचा पॉलिकार्बोनेट पत्रा
– तीन काट्यांचे गळ (ट्रेबल) आणि स्प्लिट रिंग (गळ कडीत अडकवायची दुहेरी वेढ्याची रिंग)
– बारीक दातांची करवत, कानस, ८० ते ४०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर
– हळू सुकणारं दोन भागांचं इपॉक्सी आणि पातळ सुपरग्लू
– पांढरा प्रायमर, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग
– गोल टोकाची पक्कड, आणि जमल्यास स्प्लिट रिंगची वेगळी पक्कड

लिपसाठी अ‍ॅक्रिलिक पत्रा घेऊ नका. तो पॉलिकार्बोनेटसारखाच दिसतो, पण दगडावर आपटला की तडकतो. ओळखायचं असेल तर एक पट्टी कापून वाकवा. पॉलिकार्बोनेट वाकतं, अ‍ॅक्रिलिक कट्‌कन मोडतं.

आता कागदावर लुअरची बाजूची आकृती खऱ्या मापात काढा. तिच्यावर पोटाच्या आणि शेपटीच्या गळाची जागा खुणेने दाखवा आणि खरे गळ त्या खुणांवर ठेवून फिरवा. दोन्ही गळ पूर्ण फिरले तरी एकमेकांना शिवता कामा नयेत. शिवत असतील तर गळ एक नंबर लहान घ्या किंवा लुअर लांब करा. हे आता कागदावर पाहिलं नाही तर सगळं तयार झाल्यावर दोन गळ एकमेकांत अडकलेले दिसतील, आणि तेव्हा काही करता येणार नाही.

वजनाचा हिशेब

हा हिशेब पाच मिनिटांत होतो. ७० × १८ × १२ मिलिमीटरचा ठोकळा म्हणजे सुमारे १५ घन सेंटिमीटर. गोलाई दिल्यावर निम्म्याहून थोडं जास्त, साधारण ८ घन सेंटिमीटर उरतं. म्हणजे गोड्या पाण्यात हे लुअर एकूण ८ ग्रॅमपर्यंत वजन घेऊन तरंगेल. पाइनचं शरीर साडेतीन ते चार ग्रॅम भरेल. गळ, रिंगा, तार आणि लिप मिळून तीन ग्रॅमच्या आसपास. रंग आणि इपॉक्सी मिळून एक ग्रॅमभर. म्हणजे पोटात घालायच्या धातूच्या भारासाठी जवळजवळ काहीच उरत नाही! बाल्सा घेतलं तर शरीर सव्वा ग्रॅमचं होतं आणि भारासाठी दोन-अडीच ग्रॅम मोकळे राहतात.

म्हणून पाइन वापरणार असाल तर लुअर थोडं जाड ठेवा, १५ मिलिमीटरपर्यंत, किंवा हलके गळ घ्या. स्वतःचं सामान छोट्या डिजिटल काट्यावर तोलून हा हिशेब लिहून ठेवा. खाऱ्या पाण्याची घनता थोडी जास्त असल्याने तिथे तेच लुअर किंचित वर तरंगतं, हेही ध्यानात राहू द्या.

टप्पा २: चौकोनी ठोकळ्यावरची मापाची कामं

लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. इथे घाई करू नका.

१. ठोकळ्याच्या सगळ्या बाजू काटकोनात आहेत का, ते गुण्या लावून पाहा. नसतील तर सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ठोकळा घासून घ्या.

२. पाठ, पोट, तोंड आणि शेपटी या चारही बाजूंवर मध्यरेषा काढा. रेषा टोकदार पेन्सिलीने काढा. जाड रेषेत अर्धा मिलिमीटर सहज हरवतो.

३. कागदावरची आकृती कापून ठोकळ्याच्या बाजूवर ठेवा आणि गिरवा. लिपच्या खाचेची रेषाही गिरवा. पहिल्या लुअरला ही रेषा शरीराच्या अक्षाशी ४५ अंशांत ठेवा. लिप जितकी उभी, तितकं लुअर उथळ चालतं आणि जास्त हलतं. लिप जितकी शरीराच्या रेषेत झुकलेली आणि लांब, तितकं ते खोल जातं.

४. ठोकळा व्हाइसमध्ये पकडून लिपची खाच कापा. हॅक्सॉची दोन पाती एकत्र बांधली की दीड मिलिमीटरच्या लिपला साधारण पुरेल इतकी खाच पडते. आधी टाकाऊ लाकडावर कापून त्यात लिप बसते का ते पाहा.

५. पोटाच्या मध्यरेषेवर तोंडापासून शेपटीपर्यंत तारेची उभी खाच कापा. १८ मिलिमीटर उंचीच्या ठोकळ्यात ती १० मिलिमीटर खोल पुरे. पाठ फोडून वर येऊ देऊ नका.

तपासा: लिपचा तुकडा खाचेत नुसता बसवा आणि ठोकळा डोळ्यांसमोर, तोंडाकडून धरा. लिपची कडा तोंडावरच्या मध्यरेषेला काटकोनात दिसली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखी बाहेर यायला हवी. तिरकी दिसली तर ठोकळा टाकून नवा घ्या. वाकडी खाच इपॉक्सीने भरून सरळ करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दुसरा ठोकळा कापून होतो.

टप्पा ३: आकार देणं

आधी बाजूची आकृती कापा, मग वरून दिसणारी. वरून पाहिलं तर सर्वांत जाड भाग तोंडापासून साधारण एक तृतीयांशावर ठेवा आणि तिथून शेपटीकडे निमुळतं करत जा.

गोलाई एकदम देऊ नका. चार कडा सारख्या उतरवून आधी अष्टकोन करा, मग त्या आठ कडा मोडा. शेवटी पॉलिश पेपरची अरुंद पट्टी दोन हातांत धरून लुअरवरून पुढे-मागे ओढा. ८० नंबरने सुरुवात, मग १२०, २२० आणि ३२०. पोटावरची दोन-तीन मिलिमीटरची सपाट पट्टी अजून तशीच राहू द्या. भाराचं भोक तिथे पाडायचं आहे.

डावी-उजवी बाजू सारखी झाली का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. डोळे मिटून लुअर अंगठा आणि तर्जनीत धरून तोंडाकडून शेपटीकडे सरकवा. जाड बाजू लगेच लागते.

सावधान: घासताना मास्क लावा. लिपसाठी सर्किट बोर्डचा पत्रा वापरत असाल तर तो ओला करून घासा. त्यात काचेचे तंतू असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

टप्पा ४: तार बसवणं

एकाच तारेचा तुकडा तोंडाच्या कडीपासून पोटाच्या कडीवरून शेपटीच्या कडीपर्यंत न्यायचा. म्हणजे लाकूड फुटलं तरी मासा दोरीला राहतो. सुटे स्क्रूचे हुक लावणं सोपं असतं, पण हलक्या लाकडात ते ओढीने उपटतात.

कड्या गोल टोकाच्या पकडीने वळवा. तार खाचेत बसवून तोंडाची कडी मध्यरेषेवर आणि उभी आहे ना ते पाहा. लाकडाचा बारीक भुसा मिसळलेलं इपॉक्सी खाचेत भरा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी घासताना पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा. इपॉक्सी लाकडापेक्षा कठीण असतं. नुसत्या बोटांनी घासलं तर दोन्ही बाजूंचं लाकूड झिजतं, मधे उंचवटा उरतो आणि रंगाखालून तो स्पष्ट दिसतो.

टप्पा ५: लाकूड बंद करणं

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो. वरून इपॉक्सीचा थर येणारच आहे, मग आत कशाला, असं वाटतं. पण गळाच्या टोकाने किंवा माशाच्या दाताने वरचा थर एका जागी फुटला की पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि सगळा रंग भेगाळतो.

पातळ सुपरग्लू थेंबाथेंबाने सोडून पसरवा किंवा लाकडासाठीच्या सीलरमध्ये लुअर बुडवून काढा. लिपच्या खाचेच्या आतल्या भिंतीही भिजल्या पाहिजेत. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. सुकल्यावर तंतू उभे राहतात. ३२० नंबरने हलकेच घासून दुसरा हात द्या.

सावधान: सुपरग्लू सुती कापडाने किंवा कापसाने पुसू नका. कापसाशी त्याची क्रिया होऊन इतकी उष्णता निघते की बोट भाजतं, कधी धूरही येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा वापरा आणि खिडकी उघडी ठेवा. वाफ डोळ्यांना झोंबते.

टप्पा ६: भार आणि पाण्यातली चाचणी

ही चाचणी रंगाच्या आधी करायची. रंगवून झाल्यावर भोक पाडायला कुणाचाच हात धजावत नाही.

१. सगळे गळ आणि रिंगा लावा, लिप खाचेत न चिकटवता घट्ट बसवा.

२. भाराचे तुकडे रबरबँडने पोटाला बांधा आणि लुअर पाणी भरलेल्या बादलीत सोडा.

३. भार पुढे-मागे सरकवा. लुअर सरळ किंवा तोंड किंचित खाली ठेवून तरंगलं पाहिजे, आणि पाठ पाण्याबाहेर दिसली पाहिजे. रंग आणि इपॉक्सीचं वजन अजून यायचं आहे, म्हणून आता जरा वर तरंगत असेल तर तेच बरोबर.

४. जागा ठरली की पोटाच्या पट्टीवर ५ मिलिमीटरच्या ड्रिलने ७ मिलिमीटर खोल भोक पाडा. तार १० मिलिमीटरवर आहे, तिला ड्रिल लागू देऊ नका. ड्रिलच्या पात्यावर टेपची खूण करा म्हणजे खोली कळते. पोटाच्या कडीजवळ भोक घेऊ नका.

५. भार बसवून इपॉक्सीने बुजवा, पट्टी गोल करा आणि उघड्या पडलेल्या लाकडावर पुन्हा सीलर द्या.

भार जितका खाली, तितकं लुअर सरळ उभं राहतं. मधल्या उंचीवर बसवलेला भार लुअरला जड करतो, स्थिर करत नाही.

कुठला धातू घ्यायचा? शिसं मऊ असतं आणि घनता ११.३ असल्याने थोड्या जागेत पुष्कळ वजन बसतं, पण ते विषारी आहे. हरवलेलं शिसं गिळून पाणपक्षी मरतात. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर याच कारणाने निर्बंध आहेत. माझं मत स्पष्ट आहे: घरच्या लुअरसाठी पोलादाचे छर्रे किंवा टंगस्टन वापरा. पोलादाची घनता ७.८ आहे, त्यामुळे त्याच वजनाला दीडपट जागा लागते. एकाऐवजी दोन भोकं पाडा, काम भागतं.

सावधान: तरीही शिसं वितळवायचंच असेल तर घराबाहेर, हातमोजे, चष्मा आणि मास्क लावून वितळवा, आणि स्वयंपाकाचं भांडं कधीही वापरू नका. साच्यात पाण्याचा थेंब जरी असला तरी ३२७ अंशांवर वितळलेलं शिसं पडताच त्याची वाफ होते आणि धातू स्फोटासारखा उडतो. साचा आधी गरम करून पूर्ण कोरडा करा. मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत.

तपासा: आता लुअर दोरीला बांधून हौदात किंवा काठाजवळच्या शांत पाण्यात ओढून पाहा. रंगाशिवायच. डावी-उजवीकडे डुलत सरळ आलं तर पुढे जा. डुलतच नसेल तर लिप अरुंद आहे, रुंद कापून पाहा. गरगर फिरत असेल तर लिप फार मोठी आहे किंवा भार कमी किंवा वर बसलाय.

टप्पा ७: रंग

रंगावर लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात, म्हणून इथे थोडक्यात. पांढऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात, मग ४०० नंबरने हलकं घासणं. त्यानंतर फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जा: पोट, बाजू, शेवटी पाठ. खवले हवे असतील तर बारीक जाळी लुअरवर ताणून चिमट्यांनी पकडा आणि वरून रंग फवारा. ब्रशने जाळीवर रंग भरला तर तो खाली पाझरतो. त्यापेक्षा स्पंजचा जवळजवळ कोरडा तुकडा टेकवत जा.

प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर चालेल, पण लांबून आणि कमी उष्णतेवर. आतली हवा तापली की लाकडातून बुडबुडे येऊन रंगाला फोड येतात. प्रायमरनंतर लुअर गळाच्या कडीलाच धरा. बोटांचा तेलकटपणा जिथे लागतो तिथे इपॉक्सी चिकटत नाही. पाण्यातल्या रंगावर स्प्रे कॅनचा रंग मारण्याआधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहा, खालचा थर सुरकुततो की काय ते कळेल.

टप्पा ८: लिप चिकटवणं आणि वरचा थर

लिपवरची संरक्षक फिल्म फक्त खाचेत जाणाऱ्या भागावरून काढा आणि तो भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा. गुळगुळीत पॉलिकार्बोनेटला इपॉक्सी धरत नाही. इपॉक्सी लावून लिप बसवा, पुन्हा समोरून डोळा लावून काटकोन पाहा, आणि घट्ट होईपर्यंत दर काही मिनिटांनी पाहत राहा. ती हळूच सरकते. पुसायला अ‍ॅसिटोन घेऊ नका, त्याने पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

वरच्या थरासाठी पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरू नका. ते पसरण्याआधीच जमतं, पुढे पिवळं पडतं आणि पाण्यातही कमी टिकतं. हळू सुकणारंच घ्या.

– दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मोजा. हार्डनर (घट्ट करणारा भाग) जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट थर चिकट राहतो.
– एका लुअरला जेमतेम दोन मिलिलिटर लागतं आणि इतकं थोडं नेमकं मोजणं अवघड. दोन-तीन लुअर तयार ठेवून एकत्रच मिसळा.
– दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. फेटू नका, बुडबुडे येतात.
– पातळ थर लावा आणि लुअर फिरत ठेवा. मिनिटाला चार-पाच फेऱ्या मारणारी छोटी मोटर असेल तर उत्तम. नसेल तर इपॉक्सी ओघळायचं थांबेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी हाताने उलटवा. अर्ध्यावर सोडलं की सगळं पोटाशी जमून थेंब लोंबतो, आणि तो थेंब एका बाजूचा भार होऊन बसतो.

दमट, पावसाळी हवेत हे काम पुढे ढकलणं चांगलं. अशा हवेत थरावर मेणचट पडदा धरतो. धरलाच तर पूर्ण घट्ट झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, बारीक घासा आणि मग दुसरा हात द्या.

टप्पा ९: गळ आणि सरळ पोहवणं

कड्यांमध्ये भरलेलं इपॉक्सी टोच्याने साफ करून गळ लावा. मग पाण्यात ओढून पाहा. लुअर तुमच्याकडे येताना तुमच्या डावीकडे पळत असेल तर ते तोंड तुमच्याकडे करून धरा आणि पुढची कडी पकडीने किंचित तुमच्या उजवीकडे वाकवा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. वाकवायचं म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल इतकंच. मग पुन्हा ओढून पाहा. कडी वाकवा, पिळू नका, पिळल्याने भोवतीचं इपॉक्सी सुटतं आणि पाण्याला वाट मिळते.

गळ लावलेलं लुअर हाताळताना किंवा फेकताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुरुस्ती १: रॉडच्या कड्या

दोरी एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा घासून तुटत असेल तर दोरी बदलण्याआधी कड्या तपासा. कापसाचा बोळा किंवा पातळ नायलॉन मोज्याचा तुकडा प्रत्येक कडीतून ओढा. धागा अडकला की तिथे तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

टोकाची कडी बदलायची असेल तर जुन्या कडीच्या नळीला लायटरची आच द्या, रॉडला नाही. दोन-तीन सेकंद देऊन ओढून पाहा, नाही निघाली तर पुन्हा थोडी. कार्बनच्या रॉडला जास्त आच लागली की आतलं रेझिन कमजोर होतं आणि पुढच्या मोठ्या माशाला टोक मोडतं. नवी कडी गरम करून लावायच्या गोंदाच्या कांडीने बसवा. इपॉक्सीने बसवलेली कडी पुढच्या वेळी निघत नाही. गोंद थंड होण्याआधी रॉडच्या मागून डोळा लावून कडी बाकीच्या रांगेत आणा.

मधली कडी बदलताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुना धागा रॉडवर ब्लेड टेकवून कापणं. कार्बनवरचा बारीकसा ओरखडाही पुढे रॉड मोडण्याची जागा होतो. ब्लेड नेहमी कडीच्या धातूच्या पायावर चालवा, म्हणजे खाली धातू राहतो. मग क्रम असा:

१. नव्या कडीच्या पायाचं टोक कानशीने निमुळतं करा, नाहीतर धागा त्यावर चढताना फट राहते.
२. पाय टेपने रॉडला धरून ठेवा आणि धागा रॉडवरून सुरू करून पायाकडे गुंडाळत न्या. वेढे एकमेकांना चिकटून हवेत.
३. शेवटचे सहा-सात वेढे उरले की दुहेरी धाग्याचा फास खाली ठेवून त्यावरून गुंडाळा. धागा कापून टोक फासात घाला आणि फास ओढा. टोक वेढ्यांखाली जाऊन अडकतं.
४. रॉडच्या मागून पाहून कडी रांगेत आणा. इपॉक्सी लावल्यावर ती हलणार नाही.
५. रॉडचं इपॉक्सी लावून रॉड आडवा ठेवा आणि घट्ट होईपर्यंत फिरवत राहा.

दुरुस्ती २: रील

खोलण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक भाग काढल्यावर पुन्हा काढा. भाग काढले त्या क्रमाने कागदाच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे ठेवत जा. पातळ वॉशर कुठल्या बाजूने होता हे नंतर आठवत नाही.

वंगणात गल्लत होते ती इथे: गिअरला ग्रीस आणि बेअरिंगला तेलाचा एक थेंब. उलट फिरण्यापासून रोखणाऱ्या रोलर क्लचला ग्रीस अजिबात नको. ग्रीस लागलं की त्याचे रोलर घसरतात आणि मासा ओढताना हँडल मागे फिरतं. तिथे अगदी पातळ तेल पुरतं. ड्रॅगच्या (मासा जोराने ओढू लागला की दोरी सुटू देणाऱ्या ब्रेकच्या) फेल्टच्या वॉशरना साधं तेल लावू नका. कार्बनच्या वॉशरना लावायचंच असेल तर ड्रॅगसाठीचंच ग्रीस लावा. गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नाही. तो असलेलं ग्रीसही धुऊन काढतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे दोरी जिथून वळते तो लाइन रोलर. तो बोटाने फिरवून पाहा. फिरत नसेल तर दोरी त्याच्यावर घासत जाते आणि पीळ पडतो. स्क्रू काढून साफ करा, एक थेंब तेल द्या. याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग पूर्ण घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मीठ आणि वाळू आत ढकलतो. पुसून वाळवल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, म्हणजे वॉशर दबलेले राहत नाहीत.

नवी दोरी स्पूलच्या (दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीच्या) कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खालपर्यंतच भरा. जास्त भरली की वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरली तर फेक छोटी पडते. ब्रेडेड (विणलेली) दोरी गुळगुळीत स्पूलवर घसरते आणि सगळा गठ्ठाच फिरतो, मग ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. आधी तंगुसाचे काही वेढे द्या आणि त्यावर ब्रेडेड बांधा.

दुरुस्ती ३: गळ आणि जुनी लुअर

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून अजिबात जोर न देता ओढा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. बारीक कानशीने एकाच दिशेने दोन-तीन घासे द्या. याहून जास्त घासावं लागत असेल किंवा गंजाने टोकाखाली खड्डे पडले असतील तर गळ बदला. गंजलेला गळ टोकाला धारदार करता येतो, पण तो वाकायच्या जागी मोडतो.

जुन्या लुअरचा थर फुटला असेल तर लगेच वर इपॉक्सी लावू नका. आत शिरलेलं पाणी तसंच अडकतं आणि लाकूड कुजतं. फुटलेली जागा थोडी मोठी उघडा आणि लुअर कोरड्या, हवेशीर जागी ठेवून काट्यावर रोज तोला. वजन सलग दोन-तीन दिवस तेवढंच राहिलं की आतलं पाणी गेलं. मग सुपरग्लूने लाकूड बंद करा, जागा घासा, रंग द्या आणि शेवटी इपॉक्सी. त्यानंतर लुअर पुन्हा पाण्यात ओढून पाहा. एका बाजूला बसलेल्या जास्तीच्या थराने ते आता दुसरीकडे पळत असेल, आणि पुढची कडी पुन्हा केसभर वाकवावी लागेल.